अंतराळ कंपनीत पैसे घालण्यापूर्वी: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि त्या आठवड्यात अंतराळाशी दूरचे नाते सांगणाऱ्या कंपन्यांचे शेअरही वधारले. माझ्या भाच्याने त्याच रात्री एका कंपनीचे नाव पाठवले, मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडताच तिचे शेअर घेतले आणि तिचा वार्षिक अहवाल मात्र त्यानंतरच्या रविवारी उघडला. अध्यक्षांच्या निवेदनात 'अंतराळ' हा शब्द पानोपानी होता. उत्पन्नाच्या विभागणीत मात्र त्याला स्वतंत्र रकानाही नव्हता, तो 'इतर' या शीर्षकाखाली कुठेतरी गेला होता. पैसे आधी आणि वाचन नंतर, हा माझा क्रम उलटा होता. तो सुलटा कसा करावा, हे पुढे लिहिले आहे. मी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही आणि इथे आलेले कंपनीचे कोणतेही नाव शिफारस म्हणून आलेले नाही.

सगळ्या तपासणीच्या मुळाशी एकच प्रश्न ठेवावा. रॉकेट उडेल का, हा तो प्रश्न नव्हे; त्याचे उत्तर देणारे अभियंते पुष्कळ आहेत. उडाल्यानंतर कोण पैसे देणार, कशासाठी देणार आणि दरवर्षी पुन्हा देणार का, हा गुंतवणूकदाराचा प्रश्न आहे.

कंपनी साखळीत कुठे बसते, ते आधी ठरवा

'अंतराळ क्षेत्र' या एका नावाखाली निदान चार वेगवेगळे धंदे चालतात. पहिला सुट्या भागांचा: रॉकेटच्या मोटारींची आवरणे, झडपा, इंजिनाचे भाग, इलेक्ट्रॉनिक पेट्या. दुसरा प्रक्षेपणाचा, म्हणजे रॉकेट बांधून माल कक्षेत पोहोचवण्याचा. तिसरा उपग्रह बांधण्याचा आणि चालवण्याचा. चौथा जमिनीवरचा: अँटेना, इंटरनेट जोडण्या, छायाचित्रांवरून तयार केलेली माहिती. बातम्यांत दुसरा धंदा सर्वांत जास्त दिसतो, पण पैसा मुख्यतः चौथ्यात आहे. आपल्या मोबाइलमधला नकाशा उपग्रहांच्या संदेशांवर चालतो. त्या उपग्रहांना वर नेणाऱ्या रॉकेटचे नाव मात्र आपल्यापैकी कोणाला ठाऊक नसते.

कंपनी या चारांपैकी कुठे बसते, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता आले नाही, किंवा कंपनी आपण चारही ठिकाणी आहोत असे सांगत असेल, तर तिथेच थांबलेले बरे.

रॉकेट कंपनीचा हिशेब किलोने करा

प्रक्षेपणाच्या धंद्यात एक किलो माल कक्षेत नेण्याचा दर हा सर्वांत उपयोगी आकडा आहे. न्यूझीलंडहून उडणाऱ्या रॉकेट लॅबच्या 'इलेक्ट्रॉन'चे उदाहरण घ्या. हे रॉकेट पृथ्वीलगतच्या कक्षेत सुमारे ३०० किलो नेते आणि त्याच्या एका उड्डाणाची किंमत सुमारे ७५ लाख डॉलर सांगितली जात असे. भागाकार केला की किलोमागे २५,००० डॉलर येतात. दुसऱ्या बाजूला स्पेसएक्सची 'ट्रान्सपोर्टर' ही सामायिक उड्डाणे आहेत. जानेवारी २०२१ मध्ये त्यातल्या पहिल्याच उड्डाणाने १४३ उपग्रह एकदम वर नेले. २०२४ च्या सुमारास तिथला दर ५० किलोसाठी सुमारे तीन लाख डॉलर होता, म्हणजे किलोमागे ६,०००.

चौपट दर देऊन इलेक्ट्रॉनकडे कोण जाईल, असे वाटणे साहजिक आहे. सातारा-कराडकडच्या वाचकांनी इथे वडाप, म्हणजे माणसे भरून नेणारी खासगी जीप, आठवावे. वडापचे भाडे कमी, पण ते भरल्याशिवाय हलत नाही आणि सोडते ते त्याच्या थांब्यावर. लग्नाचा मुहूर्त गाठायचा असेल तर माणूस स्पेशल गाडी करतो. ज्याला ठरावीक कक्षा, त्या कक्षेचा ठरावीक कल (तिरकेपणा) आणि ठरावीक महिना हवा आहे, तो लहान रॉकेटला जादा पैसे देतो. अशी गिऱ्हाइके आहेत, पण मोजकी आहेत. म्हणून लहान रॉकेट बांधणारी कोणतीही कंपनी समोर आली, मग ती हैदराबादची असो वा चेन्नईची, की 'तुमचा किलोमागचा दर काय आणि वडाप सोडून तुमच्याकडे येणारे गिऱ्हाईक कोण?' असे विचारावे. 'जगात हजारो उपग्रह सोडले जाणार आहेत' हे त्याचे उत्तर होत नाही, कारण त्यातले बहुतेक उपग्रह स्पेसएक्सच्या स्टारलिंक या इंटरनेट जाळ्याचे आहेत आणि ते ती कंपनी स्वतःच्याच रॉकेटने नेते.

खुद्द रॉकेट लॅबने या अडचणीवर काढलेला मार्ग तिच्या जमाखर्चात दिसतो. २०२४ साली तिने इलेक्ट्रॉनची १६ उड्डाणे केली आणि तिचे उत्पन्न सुमारे ४३.६ कोटी डॉलर होते. त्यातला सुमारे सत्तर टक्के भाग रॉकेटचा नव्हे, तर उपग्रह आणि त्यांचे सुटे भाग विकण्याचा होता. तरीही त्या वर्षी तिला सुमारे १९ कोटी डॉलरचा तोटा झाला, कारण 'न्यूट्रॉन' या मोठ्या रॉकेटवर खर्च चालूच होता. न्यूट्रॉनचे पहिले उड्डाण आधी २०२४ साठी जाहीर झाले होते. मग ते २०२५ वर गेले आणि नंतर २०२६ वर. या धंद्यात जाहीर तारखेत दोन वर्षे मिळवूनच हिशेब मांडावा. हा टोमणा नाही. इंजिनाची चाचणी फसली की भाग नव्याने घडवावा लागतो आणि त्यात महिने जातात.

पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटविषयीही अशीच सावधगिरी हवी. स्पेसएक्सच्या फाल्कन-९ चा खालचा टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा जमिनीवर परत उतरला आणि मार्च २०१७ मध्ये एक वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. त्यातून पैसा वाचतो तो उड्डाणे वारंवार होत असतील तरच. परत उतरण्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते, म्हणजे तेवढा माल कमी जातो. शिवाय तपासणी आणि दुरुस्तीचा कारखाना बारमाही पोसावा लागतो. वर्षाला चारच उड्डाणे असतील तर पुनर्वापराचा हिशेब बसणे अवघड आहे.

'यशस्वी चाचणी' म्हणजे नेमके काय, ते विचारा

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूट या हैदराबादच्या कंपनीचे 'विक्रम-एस' श्रीहरिकोट्याहून उडाले आणि ८९.५ किलोमीटर उंचीवर गेले. भारतीय खासगी कंपनीचे ते पहिले रॉकेट होते आणि त्याचा आनंद योग्यच होता. मात्र ते उपकक्षीय उड्डाण होते. रॉकेट वर गेले आणि समुद्रात पडले. कक्षेत राहणे हा त्याचा हेतूच नव्हता. कक्षेत राहायचे तर उंचीपेक्षा आडवा वेग महत्त्वाचा असतो, सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट लागते. त्यामुळे उपकक्षीय आणि कक्षीय या दोन शब्दांत जिन्याच्या एका पायरीचे नव्हे, तर पूर्ण मजल्याचे अंतर आहे. चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ रोजी केलेले उड्डाणही उपकक्षीयच होते. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे त्रिमितीय छपाईने एकसंध घडवलेले इंजिन. असे इंजिन लवकर घडते आणि त्यात जोड कमी असतात, हा खरा फायदा आहे. पण गुंतवणूकदाराने आपल्या वहीत 'इंजिन सिद्ध, कक्षा बाकी' अशीच नोंद करावी.

अंतराळ संस्थांमध्ये तंत्रज्ञानाची तयारी एक ते नऊ या मोजपट्टीवर मांडण्याची पद्धत आहे. एक म्हणजे कागदावरचे तत्त्व, सहा म्हणजे अंतराळासारख्या परिस्थितीत जमिनीवर तपासलेला नमुना आणि नऊ म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेत काम केलेली वस्तू. कंपनीच्या सादरीकरणात हा आकडा नसेल तर तो विचारून घ्यावा. सहाच्या खालच्या वस्तूवर लावलेला पैसा संशोधनाला दिलेला पैसा समजावा. तो देण्यात गैर काही नाही, मात्र तो कधी परत येईल याचे गणित मांडत बसू नये.

नवावर पोहोचल्यावरही धोका संपत नाही. व्हर्जिन ऑर्बिट ही कंपनी विमानाच्या पंखाखालून रॉकेट सोडत असे. तिची चार उड्डाणे यशस्वी झाली होती. ९ जानेवारी २०२३ रोजी ब्रिटनमधील कॉर्नवॉलहून सोडलेल्या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात इंधनाच्या नळीतली एक गाळणी जागची निसटली. इंधनाचा पुरवठा बिघडला, इंजिन तापले आणि नऊ उपग्रह गेले. कंपनीच्या प्रमुखांच्या म्हणण्यानुसार त्या भागाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती. गाळणी दुरुस्त होण्यासारखी होती; तिजोरीत पैसा नव्हता. २०२१ च्या शेवटी शेअर बाजारात उतरताना कंपनीला अपेक्षेच्या निम्म्याहून कमी रक्कम मिळाली होती. अपघातानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ एप्रिल २०२३ रोजी, तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचा लाँग बीचचा कारखाना रॉकेट लॅबने १.६१ कोटी डॉलरला उचलला. आपले पीएसएलव्ही हे रॉकेटही दशकानुदशके विश्वासू ठरलेले, तरी १८ मे २०२५ रोजी त्याच्या तिसऱ्या टप्प्याने दगा दिला आणि ईओएस-०९ हा उपग्रह गेला. इस्रोच्या पाठीशी सरकार आहे. खासगी कंपनीच्या पाठीशी तिच्या बँक खात्यातली शिल्लक आहे.

म्हणून रोख रकमेचा हिशेब स्वतः करावा. ताळेबंदातून हातातली रोकड आणि अल्पमुदतीच्या ठेवी काढाव्यात, रोख प्रवाहाच्या पत्रकातून वर्षभरात धंद्यात आणि यंत्रसामग्रीत गेलेली रक्कम काढून तिला बाराने भागावे. समजा हातात १२० कोटी आहेत आणि महिन्याला ८ कोटी जातात, तर कंपनी पंधरा महिने चालेल. तिचे पुढचे उड्डाण वर्षाने असेल तर मधल्या उशिरासाठी तीन महिनेच उरतात आणि एका अपयशाचीही सोय नाही. निदान दोन अपयशे पचवण्याइतकी रोकड आहे का, हे पाहावे. स्पेसएक्सच्या फाल्कन-१ ची पहिली तीन उड्डाणे फसली आणि सप्टेंबर २००८ मधले चौथे साधले. तरीही कंपनी तरली ती त्याच डिसेंबरात नासाने अंतराळ स्थानकाला सामान पोहोचवण्याचे १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले म्हणून. चौथ्या उड्डाणाची कथा सगळे सांगतात, कंत्राटाची कमी जण सांगतात.

यंत्रणा चालते आणि पैसा बुडतो, असेही होते

इरिडियमची कथा प्रत्येक नव्या गुंतवणूकदाराने आकड्यांसकट वाचावी. पृथ्वीभोवती सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर ६६ उपग्रह, वाळवंटातून वा समुद्रातून कुठूनही फोन, अशी ती योजना होती. पाच अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला, नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली आणि यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. योजना आखली तेव्हा जमिनीवरचे मोबाइल टॉवर विरळ होते. उपग्रह वर पोहोचेपर्यंत ते शहरोशहरी उभे राहिले आणि सुमारे तीन हजार डॉलरचा, विटेएवढा फोन घेणारे गिऱ्हाईक उरले नाही. पुढे ही सगळी यंत्रणा सुमारे अडीच कोटी डॉलरला विकली गेली. अमेरिकी संरक्षण खात्याचे काम मिळाले, नव्या मालकांच्या डोक्यावर जुने कर्ज नव्हते आणि तीच इरिडियम पुढे नफ्यात आली. उपग्रह तेच, कक्षा तीच, तंत्रज्ञान तेच. पहिल्या मालकांचे भांडवल गेले आणि दुसऱ्यांचे फळले. फरक होता तो आत येतानाच्या किमतीत.

वनवेब या उपग्रह-इंटरनेट कंपनीच्या बाबतीत हेच थोड्या वेगळ्या रूपात घडले. मार्च २०२० मध्ये ती दिवाळखोरीत गेली, ब्रिटिश सरकार आणि भारती समूह यांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून ती घेतली आणि २०२३ मध्ये ती फ्रान्सच्या युटेलसॅट या उपग्रह कंपनीत विलीन झाली. मधल्या काळात, २०२२ साली युक्रेन युद्ध पेटल्यावर तिला रशियन सोयूझ रॉकेट सोडावे लागले आणि उरलेल्या उपग्रहांपैकी ७२ आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटने दोन उड्डाणांत वर नेले. त्या कंत्राटाची रक्कम एक हजार कोटी रुपयांहून अधिक होती. न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीच्या खात्यात हे मोठे काम आले ते राजकीय उलथापालथीमुळे. असे उत्पन्न पुढच्या वर्षीही येईल असे धरून चालता येत नाही.

उपग्रहांच्या जाळ्याचा ताळेबंद वाचताना घसाऱ्याची ओळ पाहावी. ३५,७८६ किलोमीटरवरचा भूस्थिर उपग्रह पंधरा वर्षे सेवा देऊ शकतो. पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरच्या लहान उपग्रहाचे आयुष्य साधारण पाच वर्षांचे असते. म्हणजे हजार उपग्रहांचे जाळे टिकवायचे तर दरवर्षी दोनशे नवे सोडत राहावे लागतात. हा खर्च एकदाच होऊन थांबत नाही. उसाच्या लागवडीसारखा तो ठरावीक वर्षांनी पुन्हा येतो, आणि तोडल्यावर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याची सोयही नाही. विमा असतो, पण तो उपग्रहाची किंमत भरून देतो, बुडालेला धंदा नव्हे. शिवाय सूर्यावरच्या वादळालाही या धंद्यात जमेत धरावे लागते: फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे चाळीस उपग्रह भूचुंबकीय वादळाने वातावरण फुगल्यामुळे खाली येऊन जळाले.

छायाचित्रे विकणाऱ्या कंपनीला विचारा: बिल कोणाच्या नावे?

बंगळूरच्या पिक्सेलने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या 'फायरफ्लाय' मालिकेतले पहिले तीन उपग्रह सोडले. ते प्रकाशाचे दीडशेहून अधिक अरुंद पट्टे वेगवेगळे टिपतात आणि पिकावरचा रोग किंवा पाण्यातले प्रदूषण डोळ्यांना दिसण्याआधी ओळखता येईल, अशी त्यामागची अपेक्षा आहे. अशा कंपन्यांच्या सादरीकरणात शेतकऱ्याचे चित्र हमखास असते. नाशिकचा द्राक्ष बागायतदार फवारणीचा सल्ला विकत घेईलही, पण तो उपग्रह कंपनीकडून थेट घेणार नाही. त्याच्यापर्यंत पोहोचायला गावोगाव माणसे लागतात आणि तो खर्च छायाचित्रापेक्षा जास्त होतो. पैसे देणारे असतात ते संरक्षण खाते, विमा कंपनी, खाण कंपनी, राज्य सरकारचा एखादा विभाग. म्हणून गिऱ्हाइकांची यादी मागावी, त्यात सरकारी वाटा किती ते पाहावे आणि मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी यंदा नूतनीकरण केले, ते विचारावे. या तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर समजून जावे.

इरादापत्र आणि कंत्राट यांत गल्लत करू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर स्वाक्षरी केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशा दुर्गम भागांत उपग्रहाद्वारे इंटरनेट पोहोचवणे हा त्याचा हेतू. अक्कलकुव्याच्या डोंगरात शाळेला इंटरनेट मिळाले तर त्यासारखे चांगले काम नाही. पण गुंतवणूकदाराच्या हिशेबात इरादापत्राची किंमत शून्य धरावी. रक्कम, मुदत आणि दंडाची अट या तीन गोष्टी ज्या कागदावर आहेत, तेवढेच कंत्राट.

भारतातले नियम: कोण परवानगी देतो, कोण पैसे घालू शकतो

२०२० च्या जूनमध्ये केंद्राने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. परवानगी देण्याचे काम अहमदाबादच्या इन-स्पेस या संस्थेकडे आहे, सरकारी बाजूचा व्यापार न्यूस्पेस इंडिया पाहते आणि इस्रोने संशोधनावर भर द्यावा, अशी वाटणी एप्रिल २०२३ च्या अंतराळ धोरणात आहे. २०२४ पासून परकीय गुंतवणूक आपोआप मंजुरीच्या मार्गाने उपग्रहांत ७४ टक्के, रॉकेटांत आणि प्रक्षेपण तळांत ४९ टक्के आणि सुट्या भागांत १०० टक्क्यांपर्यंत येऊ शकते. या तीन आकड्यांचा अर्थ असा, की सुटे भाग करणारी कंपनी उद्या एखादी परदेशी कंपनी पूर्ण विकत घेऊ शकते. रॉकेट कंपनीच्या बाबतीत त्या वाटेत सरकारची परवानगी उभी आहे. बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, हे त्यावरून ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नवउद्योगांसाठी एक हजार कोटींचा साहसवित्त (व्हेंचर कॅपिटल) निधीही मंजूर केला.

सरकार एकाच वेळी नियामक, पुरवठादार आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक असते, हा या क्षेत्राचा पेच आहे. इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स आणि देवास ही खासगी कंपनी यांच्यात उपग्रहाच्या रेडिओलहरींवरून २००५ मध्ये झालेला करार सरकारने २०११ मध्ये रद्द केला. पुढे आंतरराष्ट्रीय लवादांत देवासच्या बाजूने निवाडे झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीच्या कारणावरून ती कंपनी गुंडाळण्याचा निर्णय कायम केला. कोण चूक, कोण बरोबर, हा इथला विषय नाही. करारावर सही झाली म्हणजे काम झाले असे मानणाऱ्याने ही तारखांची माळ डोळ्यांसमोर ठेवावी.

बाजारातल्या भारतीय कंपन्या: विभागणीचे पान उघडा

आपल्याकडे निव्वळ अंतराळावर चालणारी मोठी नोंदणीकृत कंपनी शोधणे कठीण आहे. लार्सन अँड टुब्रो पवईत इस्रोसाठी मोटारींची आवरणे घडवते, पण तिच्या एकूण उलाढालीत ते काम चिमूटभर आहे. तिचा शेअर रस्ते, मेट्रो आणि आखाती देशांतल्या कंत्राटांवर हलतो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने जून २०२५ मध्ये ५११ कोटी रुपयांची बोली लावून एसएसएलव्ही या लहान रॉकेटचे तंत्रज्ञान मिळवले, तरी तिचे पोट भरते ते लढाऊ विमानांवर. हैदराबादची एमटार इस्रोच्या विकास इंजिनाचे भाग करते आणि मार्च २०२१ मध्ये 'अंतराळ आणि अणू' या ओळखीवर तिची भागविक्री गाजली. तिच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा मात्र अमेरिकेतल्या ब्लूम एनर्जीला दिल्या जाणाऱ्या इंधन-घटांच्या भागांतून येतो. त्यात वाईट काही नाही, पण हा शेअर घेणारा अमेरिकेतली वीज-मागणी विकत घेत असतो, चंद्र नव्हे.

विक्रोळीत विकास आणि क्रायोजेनिक इंजिने जोडणारी गोदरेज अँड बॉइस बाजारात नोंदलेलीच नाही. बाजारात दिसणाऱ्या गोदरेज नावाच्या कंपन्या वेगळ्या, साबणाच्या आणि घरांच्या. नाव पाहून ऑर्डर टाकणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिले.

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. साखर कारखान्याभोवती वसलेल्या या गावातल्या कारखान्यात रॉकेटच्या घन-इंधन मोटारींची पोलादी आवरणे घडतात. चांद्रयान-३ च्या बूस्टरमध्येही त्यातले भाग होते. कौशल्य म्हणाल तर अव्वल. लांबरुंद नळकांडे गोलाईत मिलिमीटरच्या अंशानेही चुकता कामा नये, प्रत्येक वेल्डचे क्ष-किरण चित्र काढले जाते. तरीही कंपनीने अलीकडच्या काही वर्षांत तोटा दाखवला आहे. कारण पाहायचे तर 'येणी' आणि 'माल शिल्लक' या दोन ओळी पाहाव्यात. पोलाद आज विकत घ्यायचे, महिनोन्‌महिने घडवायचे, सरकारी तपासणीची वाट पाहायची आणि बिल त्यानंतर. मधल्या काळाचे व्याज नफा खाते. अशा कोणत्याही कंपनीत येणी आणि माल मिळून किती दिवसांची विक्री अडकली आहे, ते मोजावे. हे दिवस दरवर्षी वाढत असतील तर हातातल्या ऑर्डरींचा मोठा आकडा दिलासा देत नाही.

भागविक्रीच्या गर्दीतही हेच पाहावे. नवी मुंबईच्या पारस डिफेन्सची सुमारे १७१ कोटींची भागविक्री २०२१ मध्ये तीनशे पटींहून अधिक भरली आणि १७५ रुपयांचा शेअर १ ऑक्टोबरला ४७५ रुपयांवर उघडला. ज्यांना वाटपात मिळाला त्यांचे भले झाले. पहिल्या दिवशी बाजारातून घेणाऱ्याने त्याच कंपनीसाठी पावणेतीनपट किंमत मोजली. इरिडियमच्या दोन मालकांमधला फरक इथे पुन्हा लागू होतो.

पैसे घालण्याचे मार्ग आणि करांचे काटे

स्कायरूट, अग्निकुल, पिक्सेल अशा अनोंदणीकृत कंपन्यांत सामान्य माणसाला थेट मार्ग नाही. पर्यायी गुंतवणूक निधीतून जायचे तर किमान एक कोटी रुपये लागतात आणि पैसे बरीच वर्षे अडकतात. 'आयपीओपूर्वीचे शेअर' म्हणून कोणी फोनवर काही देऊ केले तर विक्रेता कोण, शेअर डिमॅटमध्ये कधी येणार आणि पुढे विकायचे कोणाला, ही तीन उत्तरे लेखी मागावीत. बहुतेक वेळा फोन परत येत नाही.

अमेरिकी बाजारातले शेअर रिझर्व्ह बँकेच्या, परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) घेता येतात. मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे वर्षात दहा लाख रुपयांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. तो विवरणपत्रात वळता करून मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या परदेशी शेअरवरच्या नफ्याला १२.५ टक्के कर आहे. विवरणपत्रातले विदेशी मालमत्तेचे परिशिष्ट पाच शेअर असले तरी भरावे लागते आणि ते कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचे असते, इथे पुष्कळ जण चुकतात. अमेरिकेचा वारसा कर अनिवासी परदेशी माणसाच्या साठ हजार डॉलरवरच्या अमेरिकी मालमत्तेला लागू होतो. मोठी रक्कम ठेवणाऱ्याने घरच्यांना याची कल्पना द्यावी.

खरेदीनंतरचे काम वहीत करावे. पानाचे दोन भाग पाडून डावीकडे खरेदीच्या दिवसाची तारीख आणि चार आकडे लिहावेत: अंतराळाचा उत्पन्नातला वाटा, हातात उरलेले महिने, अडकलेले दिवस आणि सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा. उजवीकडे पुढच्या घटनेची तारीख लिहावी, उड्डाण असो वा चाचणी, आणि ती पुढे ढकलली गेली की खोडून नवी टाकावी. खोडलेली मात्र वाचता येईल अशी ठेवावी. दर तिमाहीचा निकाल आला की हेच आकडे पुन्हा भरावेत. भाच्याने सुचवलेल्या त्या कंपनीच्या पानावर माझ्याकडे चार तारखा खोडलेल्या आहेत आणि पहिला आकडा अजूनही रिकामा आहे, कारण ती कंपनी अंतराळाचा वाटा आजही 'इतर' मध्येच दाखवते. पाचवी तारीख लिहिण्याआधी मी ते शेअर विकले.